पंचेचाळीस दिवसांची अमेरिकन

"पुस्तक म्हणजे काय भाकरी आहे का, पातळ थापायला?" दैवशालाबाई कडाडल्या आणि त्यांनी टेबलावर असा हात आपटला की अप्पारावांच्या कपातला निम्मा चहा बशीत आला.

टेंभुर्णीच्या वाचनालयात 'शब्दमित्र' वाचक मंडळाची बैठक चालली होती. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माणसं साठ, बैठकीला यायची पाच. ही पाच माणसं गोळा करायला दैवशालाबाईंनी काय काय केलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. हायस्कुलात दिवसभर मराठी शिकवायचं, संध्याकाळी वाचनालयाचं कुलूप काढायचं, झाडायचं, पंखा चालू होतो का बघायचं आणि मग लोकांना फोन करकरून बोलवायचं. पोटच्या लेकराला वाढवावं तसं त्यांनी ते मंडळ वाढवलं होतं. आणि आता तेच मंडळ त्यांना शिकवायला निघालं होतं की चांगलं पुस्तक म्हणजे बारीक पुस्तक!

दरवर्षी जगातला एक मुलूख घ्यायचा आणि तिथली गाजलेली जुनी कादंबरी मराठीतून वाचायची असा मंडळाचा शिरस्ता होता. गेल्या वर्षी रशिया उरकला. 'उरकला' हा शब्द अप्पारावांचा, आणि तो कानावर पडला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. यंदा उत्तर अमेरिकेची पाळी होती. पुढे आल्या दोन कादंबऱ्या. दोन्हींची नावं कुणाच्या जिभेवर धड बसेनात, म्हणून एकीला 'जाड' आणि दुसरीला 'पातळ' म्हणायचं ठरलं.

जाड होती बाईंची. मैलोगणती पसरलेल्या रानात एकट्या राहणाऱ्या बाईची गोष्ट. नवरा थंडीत निघून जातो, ती रान सोडत नाही. बाईंना ती जालन्याच्या एका रद्दीच्या दुकानात सापडली होती आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पातळ अप्पारावांची. एका फिरत्या विक्रेत्याची गाडी चुकते आणि तो दिवसभर स्टेशनवरच्या बाकावर बसून राहतो. अप्पाराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी चुकलेला माणूस त्यांना जवळचा वाटणारच.

"बाई, चिडू नका," अप्पाराव बशीतला चहा ओढत म्हणाले. "एका दिवसाची गोष्ट, एका दिवसात वाचून होती. अजून काय पाह्यजे माणसाला?"

"बराबर आहे," बद्रीनाथ म्हणाला. त्याचं बसस्टँडसमोर कृषी सेवा केंद्र होतं. "आता सीझन आहे. मला दुकानात जेवायला टाइम न्हाई. सहाशे पानं कोन वाचन?"

"रशियाच्या वेळी पोळा होता, आफ्रिकेच्या वेळी दिवाळी होती. तुमचा सीझन नसतो कधी ते तरी सांगा एकदा!"

भावना मात्र बाईंच्या बाजूची. ती पतसंस्थेत कामाला होती आणि जाड पुस्तकाला घाबरत नव्हती. दोन मतं इकडं, दोन तिकडं. उरले बुद्धभूषण सर. ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे.

"सर, तुम्ही बोला," बाई म्हणाल्या.

"दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे," सर म्हणाले.

"मग बोला की!"

"तेच म्हणतोय मी. पुष्कळ आहे."

दोन वर्षं हेच चाललं होतं. सर तटस्थ राहायचे, अध्यक्ष म्हणून अप्पाराव आपलं जादा मत टाकायचे आणि पातळ पुस्तक निवडून यायचं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"ऐका. रविवारी शेवटचं मतदान. या खेपेला जाड आली नाही, तर हे मंडळ तुम्हाला लखलाभ. मी पुन्हा या वाचनालयाची पायरी चढणार नाही."

बोलून गेल्या, आणि घरी येईपर्यंत पस्तावल्या. मंडळ सोडून करायचं काय संध्याकाळी? नवऱ्याबरोबर बातम्या बघायच्या? पण शब्द तोंडातून गेला होता आणि दैवशालाबाई शब्द मागे घेणाऱ्यातल्या नव्हत्या. आता एकच वाट होती. बैठकीला येईल त्या प्रत्येकाला मत, हा नियम त्यांनीच कधी तरी मोठ्या हौसेनं केला होता. ग्रुपवरच्या त्या साठ मुक्या माणसांतली आठ-दहा जरी उठून आली तरी काम होत होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी मन लावून मेसेज लिहिला.

"सर्वांना कळकळीची विनंती. यंदा अमेरिकन क्लासिकच घ्यायची आहे. दर वर्षी आपण हलकंसलकं घेतो आणि शेवटी हाती काही लागत नाही. ही सुरुवातीला संथ वाटते, पण धीर धरला तर भरभरून देते. एकदा घ्याल तर दुसरं काही नको म्हणाल. रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात या. सोबत शेजाऱ्यालाही आणा. दैवशाला."

बटण दाबलं आणि त्या निर्धास्त झोपल्या.

आता यात एक भानगड झाली. भारतराव, म्हणजे बाईंचे यजमान, मोटार बघायला विहिरीत वाकले आणि खिशातला फोन विहिरीला देऊन आले. नवा घ्यायचं आज-उद्या चाललं होतं, तोवर त्यांचा शेतकऱ्यांचा ग्रुप बाईंच्या फोनवर आला होता. त्या ग्रुपचं नाव 'शेतमित्र'. फोनवर 'शब्दमित्र' आणि 'शेतमित्र' एकाखाली एक बसलेले. बाईंचा चष्मा फ्रीजवर, बोट पडलं खालच्यावर. आणि 'शेतमित्र'वर साठ नव्हे, आसपासच्या पाच-सहा गावांतली सातशे माणसं होती. त्यांचे फवारणीचे आणि भावाचे मेसेज डोक्यावर आदळू नयेत म्हणून बाईंनी त्याचा आवाज केव्हाच बंद करून टाकला होता.

मे महिना सरत आला होता. सरकीच्या, म्हणजे कपाशीच्या बियाण्याच्या, नामांकित वाणाची एक एक पिशवी मिळवायला लोक पहाटेपासून दुकानांसमोर रांगा लावत होते. अशा दिवसांत हायस्कूलच्या बाईंनी, म्हणजे खोटं न बोलणाऱ्या माणसानं, सातशे शेतकऱ्यांना सांगितलं होतं की यंदा अमेरिकन क्लासिकच घ्यायची.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाई शाळेच्या कामाला निघाल्या तर कोपऱ्यावर मच्छिंद्र मोटरसायकल थांबवून उभा. हा त्यांचा जुना विद्यार्थी. दहावीला मराठीत कसाबसा सुटलेला, आता चार एकर करत होता.

"बाई, एक विचारू का? ती अमेरिकन क्लासिक, खरंच भरभरून देती का हो?"

बाई जागच्या जागी थबकल्या. मच्छिंद्रनं? पुस्तकाबद्दल विचारावं?

"अरे, म्हणजे काय! माणूस बदलून जातो!"

"पन आपल्याकडं कोरडवाहू सगळं. कोरड्यात चालन का?"

बाईंच्या अंगावर काटा आला. केवढं बोलून गेला हा पोरगा! अप्पारावांना सात जन्मांत असं बोलता येणार नाही.

"कोरड्यातच चालते, मच्छिंद्र. जिथं ओलावा उरलेला नाही, तिथंच तर तिची खरी गरज."

"आन दिवस किती घेती?"

"आता ते ज्याच्या त्याच्या हातावर आहे. रोज थोडं थोडं केलंस तर दीड महिना धर."

मच्छिंद्रच्या हातातून मोटरसायकलची किल्ली खाली पडली. "दीड महिन्यात हाताला येती?"

"मनापासून केलं तर त्याच्याही आधी!"

"बाई, तुम्ही देवमानूस आहात," मच्छिंद्र म्हणाला आणि किक मारून धूळ उडवत गेला. बाई दिवसभर हवेत होत्या. शाळेतल्या शिपायाला त्यांनी विनाकारण चहा पाजला.

साधी कपाशी पाच महिने खाते. दीड महिन्यात वेचणीला येणारी कपाशी म्हणजे टेंभुर्णीत कुणी स्वप्नातही बघितली नव्हती. दुपारपर्यंत 'पंचेचाळीस दिवसांची अमेरिकन' जाफराबादपर्यंत पोचली. चारच्या सुमारास हसनाबादच्या एका माणसाच्या मेव्हण्यानं ती गेल्या साली चोरून लावल्याचं निघालं. पाच वाजता त्याच्या झाडाला किती बोंडं होती ते लोक एकमेकांना हाताच्या बोटांनी दाखवत होते. सहा वाजता बद्रीनाथच्या दुकानासमोर गर्दी जमली.

"बद्रीभाऊ, क्लासिक काढा."

"कोन्ती क्लासिक?"

"पंचेचाळीस दिवसाची. माहीत नसल्यासारखं करू नका."

"अरे बाबा, असलं वाणच न्हाई! कोन सांगून राह्यलं तुम्हाला?"

"दाबून ठेवलीय त्यानं," मागून कुणी तरी म्हणालं. "म्हनून तर उद्या दहाला वाचनालयात वाटप ठेवलंय. याच्या दुकानावर भरोसाच न्हाई राह्यला."

बद्रीनाथ संतापानं लालबुंद झाला. बापाच्या काळापासूनचं त्याचं दुकान. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला खोटं बी दिलं नव्हतं, आणि भर सीझनमध्ये कुणी उपटसुंभ त्याच्याच वाचनालयात चोरटं अमेरिकन बियाणं वाटणार? त्याचाही फोन 'शेतमित्र'वर होता, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत मेसेज बघायची शुद्ध कुणाला होती? त्यानं आव पाहिला ना ताव, कृषी खात्याच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. "रविवारी दहाला, टेंभुर्णी वाचनालय. मोठी टोळी आहे साहेब. जल्दी या."

रविवारी सकाळी बाई नवं पातळ नेसून, जाड कादंबरी छातीशी धरून भावनाबरोबर निघाल्या. वाचनालयाच्या वळणावर येऊन बघतात तर दारापासून पार मारुतीच्या देवळापर्यंत माणसंच माणसं! रांगेत नंबर राखायला कुणी चपला ठेवलेल्या, कुणी पाण्याची बाटली, कुणी नुसताच दगड. पहाटेपासून लोक आले होते. सोनूबाई म्हणून देवळामागं राहणारी एक म्हातारी तर रांगेत चक्क भाकरी सोडून बसली होती.

बाईंनी भावनाचा हात धरला. "भावना, बघ गं! वाचायला लागली टेंभुर्णी!"

भावना बघत होती. तिला काही तरी खटकत होतं. "मॅडम, यांच्या हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स आहेत."

"असू दे. नाव नोंदवायचं असेल."

"सातबारे पन आहेत, मॅडम."

"सातबारे? कादंबरी वाचायला सातबारा कशाला?"

तेवढ्यात त्यांना रांगेत एक ओळखीचा सदरा दिसला. भारतराव! पहाटे 'पाणी द्यायला चाललो' म्हणून गेलेला माणूस इथं रांगेत, मान खाली घालून.

"तुम्ही? तुम्ही इथं काय करताय?"

भारतराव आधी ओशाळले आणि मग एकदम उसळले. "म्या काय करतो? तूच सांग! सगळ्या तालुक्याला सांगितलं आन घरच्या मानसाला न्हाई! पंचेचाळीस दिवसाची सरकी आनून राह्यली, अन् मला मच्छिंद्रकडून कळतं! पंचवीस वर्षं संसार केला तुझ्यासंग!"

"सरकी? कसली सरकी?"

भारतरावांनी रांगेत शेजारी उभ्या मच्छिंद्रचा फोन ओढून घेतला आणि मेसेज त्यांच्या डोळ्यासमोर धरला. बाईंनी तो वाचला. वर ग्रुपचं नाव वाचलं. आपल्याच मेसेजातलं एक एक वाक्य त्यांना वेगळंच ऐकू यायला लागलं. हलकंसलकं. धीर धरला तर. भरभरून देते. त्या मटकन पायरीवर बसल्या.

"बाई, वाटप जल्दी करा," रांगेतून कुणी ओरडलं. "ऊन चढून राह्यलं."

आणि नेमकी त्याच वेळी धुरळा उडवत सरकारी जीप आली. भरारी पथक! रांग क्षणभर इकडं-तिकडं हलली, पण नंबर सोडून पळायला कुणी तयार नव्हतं. जीपमधून एक जाडजूड साहेब आणि दोन मदतनीस उतरले. साहेब थेट बाईंसमोर आले.

"बियाणं कुठं ठेवलंय?"

"बियाणं नाही हो! कादंबरी आहे ही! कादंबरी!" बाईंनी पुस्तक पुढं केलं. त्यांचा आवाज चिरकला होता. "एक शिक्षिका आहे मी. लाज वाटत नाही तुम्हाला, रविवारी वाचनालयावर धाड घालायला?"

"सगळे असंच म्हणतेत, मॅडम. परवा एकानं पीठगिरणीत ठेवलं होतं." साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, वजन बघितलं, उलटं धरून झटकलं. आतून वाळलेलं पिंपळपान पडलं. मदतनीसानं ते उचलून उजेडाकडं धरलं आणि खाली ठेवलं. मग पानं कोरून आत काही लपवलंय का हे बघायला साहेबांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग ते आत जाऊन खुर्चीवर बसले.

मदतनीसांनी कपाटं उघडली, चटया उचलल्या, पाण्याच्या टाकीत डोकावले. सगळं बघून झालं तरी साहेब वाचतच होते. रांग आता रांग राहिली नव्हती. सगळे दारा-खिडक्यांना चिकटून साहेबांचं तोंड निरखत होते.

"काय सापडलं त्यायला?" सोनूबाईनं विचारलं.

"काही तरी असनच," मच्छिंद्र कुजबुजला. "इतक्या येळापासून मान वर न्हाई केली."

"साहेब," मदतनीस खाकरला, "भोकरदनला जायचं आहे." साहेब दचकले. त्यांनी पुस्तक मिटलं, पण हातातून सोडेनात. "यात आक्षेपार्ह काही नाही," ते म्हणाले, आणि हळूच, "मॅडम, ती एकटी राहते का हो शेवटपर्यंत?"

"वाचा आणि समजून घ्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. "आणि तक्रार कुणी केली तेवढं सांगून जा!"

साहेबांनी सांगितलं नाही. पण बद्रीनाथ एवढा वेळ कपाटाआड उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता, आणि ते कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं. बाईंना सगळं कळलं.

"बद्रीनाथ! तुम्ही?"

"ताई, मला काय ठाऊक तुमचीच टोळी आहे म्हनून!"

जीप गेली आणि आता लोकांचा संताप वर आला. पहाटेपासून उन्हात उभं राहून पुस्तक? झेरॉक्सा काढल्या, पोरांना दुधाला पाठवलं न्हाई, आणि हातात काय, तर पुस्तक? आरडाओरडा वाढायला लागला तशी अप्पारावांनी संधी साधली. ते स्टुलावर चढले.

"शांत बसा! आलाच आहात तर एक काम करून जा. मंडळाचा नियम आहे, येईल त्याला मत. नियम बाईंचाच आहे. दोन पुस्तकं आहेत, एक निवडायचं आहे. बाई, बोला तुमच्या पुस्तकावर."

बाई बोलल्या. राग बाजूला ठेवून बोलल्या. त्यांनी त्या दूरच्या रानातल्या बाईची गोष्ट सांगितली. बर्फ पडतंय, नवरा निघून गेलाय, धान्य संपत आलंय आणि ती रोज सकाळी उठून रानाच्या कडेपर्यंत चालून येते, रान आपलंच आहे ना ते बघायला. सोनूबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली.

मग मच्छिंद्रनं विचारलं, "बाई, ही म्हनजे तीच ना, दीड महिन्याची?"

"हो."

"आन ती दुसरी?"

"पातळ," अप्पाराव म्हणाले. "आज धरली तर उद्या मोकळी."

"मंग इचारायचं काय त्याच्यात! कमी दिवसाची घ्या."

"बिलकुल! कमी दिवसाचीच घ्या. पावसाचा काय भरोसा."

आणि सगळं वाचनालय हात वर करून उभं राहिलं. दारातले, खिडकीतले, ओट्यावरचे. मच्छिंद्रचा हात वर. सोनूबाईचा हात वर. भारतरावांनी बायकोकडं न बघता अर्धा हात वर केला. बुद्धभूषण सरांनीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, हात वर केला. जाडच्या बाजूनं बाई सोडून एकटी भावना उरली.

बाईंनी स्वतःच बोलावलेल्या गर्दीनं स्वतःच्याच नियमानं त्यांना पाडलं होतं. त्यांनी कमरेची वाचनालयाची किल्ली काढली आणि अप्पारावांसमोर टेबलावर ठेवली. "वाचा पातळ," एवढंच म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्यांनी डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही. घरी आल्यावर मात्र कांदे नसताना विळी घेऊन बसल्या.

ऊन उतरल्यावर परसदाराची कडी वाजली. बाहेर मच्छिंद्र उभा होता. त्यानं आधी इकडं-तिकडं बघून घेतलं.

"बाई, ती जाडवाली द्या ना. चार दिवसात आनून देतो. कुनाला सांगू नका फक्त."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आणि सकाळी हात कुणी वर केला? माझ्या तोंडावर?"

"त्ये वेगळं, बाई." मच्छिंद्र समजावणीच्या सुरात म्हणाला. "चांगल्या वाणाला चार लोकांत कोन हात वर करतं? सगळेच मागायला लागतेत. मंग आपल्याला कुठून भेटन? साहेब बघा ना कसे सोडीनात. तवाच म्या समजलो."

त्याला धुडकावून दार लावतात तोच सोनूबाई आली. "बाई, मला वाचता येत न्हाई. पन ती बाई... तिचं पुढं काय झालं वं? रान राह्यलं का तिच्याकडं?" तिचा आवाज हळू होता. तिचा नवरा मुंबईला गेला तो आला नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग आणखी दोघे आले. मग कुणाचा तरी जावई आला. प्रत्येक जण परसदारानं, प्रत्येक जण कुणाला सांगू नका म्हणून. भांडी घासायच्या दगडापाशी दिवेलागणीपर्यंत बद्रीनाथही उगवला.

"ताई, मी आपला सहज..."

आता मात्र बाईंच्या रागाचा कडेलोट झाला. "सहज? सकाळी पाडायचं आणि संध्याकाळी मागच्या दारानं यायचं? सगळ्यांना सांगा जाऊन! एकाला एक पान मिळणार नाही असं. उद्या संध्याकाळी वाचनालयात मी हे मोठ्यानं वाचणार. पुढचं दार उघडं राहील. ऐकायचं असेल त्यानं उजळ माथ्यानं पुढच्या दारानं यायचं, खुर्चीवर बसायचं, सगळ्यांसमोर! हिंमत आहे का?"

"पन ताई, किल्ली तर तुम्ही दिली..."

"किल्ली अप्पारावांकडून आणून द्यायचं काम तुमचं. पथक आणलंत, तशी किल्ली आणा."

बद्रीनाथनं किल्ली आणली. सोमवारी संध्याकाळी बाईंनी खुर्च्या मांडल्या, सतरंज्या अंथरल्या, पंखा लावला. भावना पुढच्या खुर्चीवर बसली. सहा वाजून गेले. सव्वासहा झाले. पुढच्या दारातून एक कुत्रं आलं, वास घेऊन गेलं. माणूस एक नाही.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता रागाचाही उरला नव्हता. "एक नाही आलं गं. एकसुद्धा."

"वाचा, मॅडम. मी आहे ना."

बाईंनी चष्मा लावला. रिकाम्या खुर्च्यांकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात वाचायला लागल्या. त्या रानात पहाट झाली होती. वारा सुटला होता. ती बाई दार उघडून बाहेर बघत होती. दोन पानं झाली, तिसरं चालू झालं. मागच्या खिडकीपलीकडं काही तरी खसफसलं. बाईंनी मान वर केली. खिडकीबाहेर मागच्या बोळात एक मुंडासं हललं आणि खाली गेलं. त्याच्या शेजारी एक बांगडी वाजली. कुणी तरी कुणाला तरी आवाज दाबून म्हणालं, "सरक की वं, म्या शेळी शोधायला आल्ते." दुसरं म्हणालं, "म्या पन. म्हनजे म्या बैल."

भावना ओठ दाबून हसायला लागली. बाई पुस्तक तसंच धरून उभ्या राहिल्या. एवढ्यात बोळातून एक आवाज आला, खणखणीत, दाबलेला तरी न दबणारा. जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारलेला आवाज तो, लपवून लपत नव्हता.

"बाई, जरा जोरात वाचा! मागं काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं!"

दैवशालाबाईंनी चष्मा सारखा केला, कुणी दिसलंच नाही अशी खिडकीकडं पाठ वळवली, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसल्या आवाजात पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.